विंडोज १० ची मशिनं डेबियनवर : प्रकल्प नोंदी

१८ ऑक्टोबर २०२५

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबरला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याआधीची, एरवी धडधाकट असलेली मशिनं त्यामुळे अधांतरी राहिली आहेत. ती डेबियन १३ या लिनक्स प्रणालीवर आणणं हे या गटाचं काम.

डेबियन १३, म्हणजे 'ट्रिक्सी', ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलं. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ६.१२ आहे आणि तो दीर्घ मुदतीच्या मालिकेतला आहे. या आवृत्तीला ३२ बिटांचा इन्स्टॉलर नाही, म्हणून पहिल्याच पायरीवर 'एलएससीपीयू' हा प्रोसेसरची माहिती देणारा आदेश चालवून 'सीपीयू ऑप-मोड' या ओळीत ६४ बिट दिसतंय ना, एवढं बघून घ्यायचं. दिसत नसेल तर ते मशीन या यादीतून बाजूला.

लिनक्सचं कुठलं वितरण (डेबियनसारखी तयार प्रणाली) चांगलं या वादात शिरायचं नाही, असं आधीच ठरलं आहे. जुनी मशिनं लिनक्सपाशी क्वचित अडतात. ती अडतात थकलेल्या डिस्कपाशी, फर्मवेअरमधल्या (मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममधल्या, म्हणजे बायॉसमधल्या) एखाद्या सेटिंगपाशी आणि विंडोजने मागे ठेवलेल्या कुलपांपाशी. त्यामुळे क्रम असा : आधी डिस्क, मग डेटा, मग फर्मवेअर, आणि इन्स्टॉलर सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडला की एका दुपारचं काम आठवडाभर लांबतं.

प्रत्येक मशीनचा एक कागद करायचा. लाइव्ह यूएसबीवरून (डिस्कवर काही न बसवता चालणारं लिनक्स) सुरू करून कागदावर प्रोसेसर, 'एलएसपीसीआय' (जोडलेल्या चिपांची यादी) मधल्या वायफाय आणि ग्राफिक्सच्या ओळी त्यांच्या आकडी ओळखीसकट, 'डीएमआयडीकोड' मधून रॅमचे खण आणि फर्मवेअरची आवृत्ती उतरवायची. फर्मवेअरच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवायचा. पुढे सेटिंग मूळ जागी न्यायची वेळ आली की हाच फोटो कामाला येतो.

रॅम वाढवताना व्होल्टेज बघा. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल पट्टी लागते. १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ खाचेत नीट बसते, पण मशीन बहुतेक वेळा पडदाच उजळत नाही, आणि मग संशय उगाच मदरबोर्डवर जातो.

२५ ऑक्टोबर

हा आठवडा डिस्कचा.

'स्मार्टसीटीएल' या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या आदेशाने आधी गुणधर्मांचा तक्ता काढायचा. शेवटचा 'पास' हा शेरा वाचून थांबू नये. मरायला टेकलेल्या डिस्कलाही तो मिळतो. बघायच्या त्या चार ओळी : क्रमांक ५ म्हणजे बदलून दिलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे लहान कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट बघणारे सेक्टर, १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही दुरुस्त न झालेले, आणि १९९ म्हणजे डिस्क आणि कंट्रोलरमधल्या वाटेवरच्या चुका. यातल्या कच्च्या किमतीच्या रकान्याकडे लक्ष द्यायचं.

१९७ शून्याच्या वर असेल तर इतर सगळं थांबवून आधी डेटा काढायचा. ५ वर लहानसा आकडा असून तो वर्षानुवर्षं हलला नसेल तर डिस्क चालू शकते, पण महत्त्वाच्या कामाला नको. १९९ ची गोष्ट निराळी. तो आकडा वाढलेला असेल तर डिस्क बहुधा निरोगी असते आणि डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल किंवा तिचा सैल कनेक्टर दोषी असतो. हा आकडा कधी शून्यावर येत नाही. म्हणून केबल बदलायची, आकडा कागदावर लिहायचा, २० जीबीची एखादी फाइल दोनदा वाचून काढायची आणि आकडा परत बघायचा. जागचा हलला नसेल तर डिस्क पुढच्या पायरीला पाठवायची.

त्यानंतर दीर्घ स्वयंतपासणी, म्हणजे '--टेस्ट=लाँग'. ५०० जीबीच्या फिरत्या डिस्कला दीड-दोन तास लागतात, आणि अंदाजे वेळ आदेश स्वतःच सांगतो. तपासणी चालू असताना लॅपटॉप झोपी गेला तर ती अर्धवट तुटते. झाकण उघडं ठेवा, चार्जर लावून ठेवा.

यूएसबी डबीतल्या डिस्कचा तक्ता येत नसेल तर उपकरणाचा प्रकार 'सॅट' असा हाताने द्यावा लागतो.

बिघडलेल्या डिस्कवरून फायली ओढण्याचा मोह टाळायचा. प्रत्येक फाइल शोधताना डिस्कचं डोकं मागेपुढे पळतं आणि उरलंसुरलं आयुष्य त्यातच जातं. त्याऐवजी 'डीडीरेस्क्यू' ने सबंध डिस्कची प्रतिमा घ्यायची. पहिली फेरी 'नो-स्क्रेप' पर्यायाने : सोपं ते आधी पदरात. दुसरी फेरी थेट वाचनाने, तीन वेळा पुन्हा प्रयत्न. मॅपफाइल, म्हणजे काय वाचून झालं याची नोंद, दोन्ही फेऱ्यांना एकच द्यायची. ती दिली नाही तर दुसरी फेरी पहिलीचं सगळं काम नव्याने करते, आणि तेवढा वेळ डिस्क टिकेलच असं नाही.

१ नोव्हेंबर

डेटा काढण्यात सर्वाधिक अडथळा बिटलॉकरचा, म्हणजे डिस्क कूटबद्ध करणाऱ्या विंडोजच्या सोयीचा. अनेक लॅपटॉपवर 'उपकरण एन्क्रिप्शन' मालकाच्या नकळत चालू असतं. मालकाला विचारलं तर तो मनापासून 'असं काही नाही' म्हणतो. म्हणून विचारायचं नाही, बघायचं : विंडोजमध्येच, प्रशासक म्हणून, 'मॅनेज-बीडीई' या आदेशाने कळणारी स्थिती. 'संरक्षण बंद' एवढं दिसणं पुरेसं नाही. संरक्षण नुसतं स्थगित असलं तरी डिस्कवरची अक्षरं कूटबद्धच असतात. रूपांतराच्या ओळीत 'पूर्णपणे डिक्रिप्टेड' हवं. नसेल तर तिथूनच उलटं फिरवायला सांगायचं आणि शंभर टक्के होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही.

फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट (मान्य सही नसलेली प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) बदललं किंवा बूटचा क्रम हलवला की टीपीएम किल्ली देत नाही आणि विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती हाताशी नसेल तर दार बंद. म्हणून फोटो काढण्यापलीकडे फर्मवेअरमध्ये काही बदलायचं ते हे काम संपल्यावरच. रिकव्हरी की असेल आणि विंडोज सुरू होत नसेल तर लिनक्समधून 'क्रिप्टसेटअप' ला प्रकार 'बिटएलके' सांगून तो भाग उघडता येतो. ही सोय २०२० च्या २.३ आवृत्तीपासून आहे.

दुसरा अडथळा 'फास्ट स्टार्टअप' चा. या सेटिंगमुळे विंडोज बंद केल्यासारखं दिसतं, पण खरं म्हणजे कर्नलची स्थिती डिस्कवर ठेवून निजतं. एनटीएफएस (विंडोजच्या मांडणीचा) भाग मग अर्धवट अवस्थेत राहतो आणि लिनक्स तो फक्त वाचण्यापुरता उघडतं किंवा उघडतच नाही. जबरदस्ती करू नका. विंडोजमध्ये परत जाऊन 'पॉवरसीएफजी' ने हायबरनेशन बंद करा, मग नीट शटडाउन करा.

तिसरी गोष्ट जास्त फसवी. ढगातल्या साठ्याशी (क्लाउड स्टोरेजशी) जोडलेल्या फोल्डरमध्ये फाइलचं नाव आणि आकार दिसतो, पण मजकूर डिस्कवर नसतो. लिनक्समधून अशा फाइलच्या जागी 'अनसपोर्टेड रिपार्स टॅग' असं म्हणणारा तुटका दुवा दिसतो. हे प्रतिमा घेऊन, डिस्क पुसून झाल्यावर कळलं तर काय उपयोग? म्हणून विंडोजमध्ये असतानाच त्या फोल्डरवर 'या उपकरणावर कायम ठेवा' लावायचं आणि उतरवून घेणं पूर्ण होऊ द्यायचं.

प्रत 'आरसिंक' ने घ्यायची आणि लगेच दुसऱ्यांदा '--चेकसम' व '--ड्राय-रन' लावून, म्हणजे काही न लिहिता मजकूर नुसता ताडून बघत, चालवायची. फरकांची यादी रिकामी आली तरच प्रत पक्की. ब्राउझरचे पासवर्ड आणि टपाल लपवलेल्या 'ॲपडेटा' मध्ये असतात. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेतले म्हणजे सगळं घेतलं असं नाही.

८ नोव्हेंबर

मशीन ख. इन्स्टॉलर सुरू होतो, डिस्क निवडायच्या पानावर यूएसबीशिवाय काहीच नाही. 'एलएसबीएलके' च्या डिस्कांच्या यादीतही नाही. मालकाच्या मते एसएसडी मेली. विंडोज मात्र त्याच एसएसडीवरून व्यवस्थित चालत होतं.

उत्तर 'डीमेसेज' मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत होतं. एएचसीआय (साटा डिस्क हाताळण्याची साधी पद्धत) च्या चालकाची, म्हणजे ड्रायव्हरची, एक ओळ सांगते की एक 'रीमॅप्ड' एनव्हीएमई (जलद एसएसडीचा प्रकार) उपकरण सापडलं आहे आणि ते वापरायचं तर बायॉस रेडवरून (डिस्कांचा समूह हाताळणारी पद्धत) एएचसीआयवर न्या. इतकं स्पष्ट निदान कर्नल क्वचितच करतो, पण ते हजारभर ओळींत दडलेलं असतं. 'रीमॅप' हा शब्द शोधायचा. कारण असं की इंटेलच्या रॅपिड स्टोरेज पद्धतीत एनव्हीएमई डिस्क साटा कंट्रोलरच्या आड लपवलेली असते, आणि लिनक्सला त्या आडोशामागे जाता येत नाही. फर्मवेअरमध्ये साटा मोड 'एएचसीआय' केला की डिस्क दिसते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून याच जागी व्हीएमडी (इंटेलची तशीच दुसरी पद्धत) असतं. त्याला कर्नलमध्ये चालक आहे, त्यामुळे ते प्रकरण वेगळं.

विंडोजही ठेवायचं असेल तर नुसता मोड बदलून चालत नाही. निळा पडदा येतो आणि बूट डिस्क सापडत नाही म्हणतो. आधी 'बीसीडीएडिट' या विंडोजच्या आदेशाने किमान सेफ बूट लावायचं, रीस्टार्ट करून लगेच फर्मवेअरमध्ये मोड बदलायचा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्यायचं म्हणजे एएचसीआयचा चालक जागा होतो. मग ती सेफ बूटची नोंद काढून टाकायची.

मशीन ग मध्ये हेच दुखणं परत परत उगवत होतं. मोड बदलला की चालायचं, रात्रभर चार्जर काढून ठेवला की सकाळी डिस्क गायब. मूळ कारण मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल. तो मेला की काही मशिनांत घड्याळ तर मागे जातंच, शिवाय फर्मवेअरची सेटिंगंही कारखान्यातल्या मूळ किमतींवर जातात, आणि इथे मूळ किंमत 'रेड' होती. खूण सोपी आहे : फर्मवेअरच्या पहिल्या पानावरची तारीख. ती काही वर्षं मागची असेल तर बाकी शोध बाजूला ठेवून आधी सेल बदला. लॅपटॉपमध्ये हा सेल बहुधा प्लास्टिकच्या वेष्टणात, दोन तारांच्या छोट्या कनेक्टरसह येतो. नुसता गोल सेल त्या जागी बसत नाही. घड्याळ मागे असताना लाइव्ह यूएसबीवर ब्राउझर प्रमाणपत्रं नाकारतो आणि 'ॲप्ट' (डेबियनची पॅकेजं उतरवणारा आदेश) म्हणतं की रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही. लोक जाळ्यात (नेटवर्कमध्ये) दोष शोधत बसतात.

दोन्ही प्रणाल्या असणाऱ्या मशीनवर वेळ साडेपाच तासांनी सरकते, कारण विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ला १ देणं हा स्वच्छ उपाय.

१५ नोव्हेंबर

आता इन्स्टॉलर. आधीच्या पायऱ्या झाल्या असतील तर हा भाग सरळ आहे.

आयएसओ (इन्स्टॉलरची प्रतिमा) उतरवल्यावर एसएचए५१२ बेरीज (फाइल जशीच्या तशी आली का हे सांगणारा आकडा) जुळवायची. 'डीडी' ने लिहिताना लक्ष्य सबंध यूएसबी उपकरण हवं, त्याचा पहिला भाग नव्हे. ठोकळा ४ एमबी आणि 'कॉन्व=एफसिंक', म्हणजे आदेश संपला तेव्हा लिहिणं खरंच संपलेलं असतं. विंडोजवरून रुफस या प्रोग्रॅमने लिहायचं असेल तर 'डीडी प्रतिमा' हा पर्याय. मालकी फर्मवेअर (वायफायसारख्या चिपांना लागणाऱ्या, निर्मात्याच्या बंद फायली) डेबियन १२ पासून अधिकृत प्रतिमेतच आहे, वेगळी 'नॉन-फ्री' प्रतिमा शोधायची गरज उरलेली नाही.

रूटचा, म्हणजे प्रशासकाचा, पासवर्ड विचारतो ते पान रिकामं सोडा. तिथे पासवर्ड दिला तर पहिला वापरकर्ता 'सुडो' (प्रशासकाचे आदेश चालवू शकणाऱ्यांच्या) गटात जात नाही, आणि पहिल्याच अपडेटला 'सुडोअर्स फाइलमध्ये नाही' असं उत्तर येतं. लॅपटॉपवर कूटबद्ध एलव्हीएम (डिस्कचे भाग पाडण्याची पद्धत) घ्या. कळफलक अमेरिकन इंग्रजीच ठेवा, भाषा कुठलीही निवडली तरी. डिस्क उघडण्याचा पासवर्ड डेस्कटॉप येण्याआधी टाइप करायचा असतो आणि तिथे कळफलक बदलायची सोय नसते.

मशीन क वर सगळं बसलं, रीस्टार्ट केल्यावर 'बूट उपकरण नाही'. 'ईएफआयबूटएमजीआर' च्या बूट नोंदींच्या यादीत डेबियनची नोंद होती, पण फर्मवेअर ती वाचतच नव्हतं. जुन्या यूईएफआय फर्मवेअरमध्ये हा दोष नवा नाही. काही फर्मवेअर विंडोजचा ठराविक मार्ग किंवा काढत्या (यूएसबीसारख्या) माध्यमाचा ठराविक मार्ग, एवढेच ओळखतात. ग्रबचं (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं) 'ग्रब-ईएफआय-एएमडी६४' हे पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करून 'काढत्या माध्यमाच्या मार्गावरही बसवा' याला होकार दिला. इन्स्टॉलरच्या तज्ज्ञ पद्धतीतही हाच प्रश्न येतो. त्याने ग्रबची एक प्रत ईएसपीतल्या (डिस्कवरच्या बूटसाठीच्या भागातल्या) 'बूट' फोल्डरमध्ये जाते आणि फर्मवेअरला ती सापडते.

ग्रबच्या यादीत विंडोज दिसत नसेल तर घाबरायचं कारण नाही. ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (इतर प्रणाल्या शोधणारा भाग) मुळात बंद असतो. 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर' ला 'फॉल्स' करून यादी नव्याने बांधा.

२२ नोव्हेंबर

वायफाय. 'एलएसपीसीआय' मधली विक्रेत्याची ओळख १४ई४ असेल तर ब्रॉडकॉमची चिप. तिच्यातल्या काहींना कर्नलबाहेरचा चालक लागतो आणि तो 'डीकेएमएस' (कर्नलला जुळणारा चालक बांधणारं साधन) ने त्याच मशीनवर बांधावा लागतो. बांधायला पॅकेजं हवीत, पॅकेजांना जाळं हवं, आणि जाळं तर याच चिपवर अवलंबून. फोन यूएसबी केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू केलं की हा पेच सुटतो, त्याला वेगळा चालक लागत नाही. 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' (चालक बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फायली) आधी टाका. विशिष्ट आवृत्तीचे हेडर्स टाकले तर पुढच्या कर्नलला वायफाय पुन्हा जाईल.

सिक्युअर बूट चालू असेल तर बांधलेला चालक सही नसल्यामुळे चढत नाही. बंद करण्यापेक्षा किल्ली नोंदवणं बरं. 'डीकेएमएस' ने केलेली 'एमओके' (मशीनच्या मालकाची किल्ली) ची सार्वजनिक बाजू 'मॉकयूटिल' ने आयात करायची, तात्पुरता पासवर्ड द्यायचा, रीस्टार्ट करायचं. किल्ली नोंदवायचा निळा पडदा दहा सेकंदच थांबतो. त्यात कळ दाबली नाही तर तो निमूट पुढे जातो आणि सगळं परत करावं लागतं. पासवर्ड साधी अक्षरं आणि अंक यांचाच ठेवा, तिथे अमेरिकन मांडणी असते. सिक्युअर बूट असताना डेबियनचा कर्नल हायबरनेट करू देत नाही, हे मालकाला आधीच सांगून ठेवायचं.

एनव्हिडियाच्या केप्लर पिढीच्या ग्राफिक्स कार्डांसाठी कंपनीच्या चालकाची शेवटची शाखा ४७०, फर्मीसाठी ३९०, दोन्हींचा काळ संपला. अशा कार्डांवर 'नूव्हो' हा मुक्त चालकच. ब्राउझर, कागदपत्रं, व्हिडिओ यांना ते पुरतं.

२९ नोव्हेंबर

४ जीबी रॅमची मशिनं. डेस्कटॉप एक्सएफसीई. 'सिस्टमडी-झेडरॅम-जनरेटर' टाकून झेडरॅमचा (रॅममध्येच दाबून ठेवलेल्या स्वॅप जागेचा) आकार रॅमच्या निम्मा, संकोचनाला झेडस्टँडर्ड. स्वॅपिनेस (मजकूर स्वॅपकडे ढकलण्याची तयारी) १८० ठेवायचं. मूळची ६० ही किंमत संथ डिस्कसाठी ठरलेली, झेडरॅम तर रॅममध्येच आहे. कर्नल ५.८ पासून हा आकडा २०० पर्यंत नेता येतो. 'पेज-क्लस्टर' (स्वॅपमधून एका वेळी किती आगाऊ वाचायचं) शून्य. 'झेडरॅमसीटीएल' मध्ये मूळ आणि संकुचित आकार शेजारी दिसतात.

डेबियन १३ मधला एक बदल या मशिनांना चावतो : 'टेंप' हा तात्पुरत्या फायलींचा फोल्डर आता रॅममध्ये असतो, कमाल निम्म्या रॅमइतका. ४ जीबीच्या मशीनवर मोठी झिप फाइल तिथे उलगडली की 'जागा शिल्लक नाही' येतं, आणि डिस्क तर ८० टक्के रिकामी. 'टेंप.माउंट' ला 'मास्क' करून रीस्टार्ट केलं की फोल्डर डिस्कवर येतो. नव्या मांडणीत तिथल्या फायली १० दिवसांनी आणि 'व्हार-टेंप' मधल्या ३० दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. तिथे काहीबाही साठवायची सवय असेल तर ती आता मोडायलाच हवी.

६ डिसेंबर

देवनागरी. फॉन्टसाठी नोटो आणि लोहित. टायपिंगला आयबस आणि एम१७एन ही साधनं, त्यात मराठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही आहेत. इनपुट पद्धत नको असेल तर एक्सकेबी या लिनक्सच्या कळफलक व्यवस्थेच्या भारतीय मांडणीत मराठी कागापा हा प्रकार आहे, तो कुठल्याही डेस्कटॉपवर चालतो.

'दऱ्या', 'सुऱ्या' मधला अर्धा र अनेकांना सापडत नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून 'जे' ची कळ म्हणजे नुक्त्याचा ऱ, मग 'डी' ची कळ म्हणजे हलन्त, मग तिरक्या रेघेची कळ म्हणजे य. साध्या र ने केलं तर रफार होऊन 'दर्या' उमटतं, आणि शोधताना तो शब्द हाती लागत नाही. ल आणि श यांची मराठी वळणं हवी असतील तर लिब्रेऑफिसमध्ये संयुक्त लिपीची भाषा मराठी करा. फॉन्टमध्ये ती रूपं असतील तर भाषेच्या खुणेवरच ती उमटतात, नाहीतर हिंदी वळण येतं.

प्रणालीची भाषा इंग्रजी ठेवून वापरकर्त्याचं सत्र तेवढं मराठी करावं, असं आमचं मत. ग्राफिक्स नसलेल्या कन्सोलवर देवनागरी जोडाक्षरं उमटत नाहीत, आणि मशीन अडतं तेव्हा वाचायचा असतो तोच पडदा.

१३ डिसेंबर

छपाई चटकन झाली. अलीकडचे जाळ्यावरचे प्रिंटर कप्स या छपाई व्यवस्थेला विनाचालक सापडतात, यूएसबीवरच्यांना 'आयपीपी-यूएसबी', स्कॅनरला 'सेन-एअरस्कॅन'. सुरू होताना फर्मवेअर मागणारे जुने लेझर प्रिंटर अजून बाकी.

उरलेलं काम एकच, पण सगळ्या मशिनांवर करायचं आहे. सिक्युअर बूटसाठी लिनक्सच्या शिमवर (ग्रबच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर) मायक्रोसॉफ्टच्या ज्या २०११ च्या प्रमाणपत्राने सही होते, त्याची मुदत जून २०२६ मध्ये संपते. आधी सही झालेला शिम चालत राहील, कारण फर्मवेअर सहसा मुदत तपासत नाही. पण पुढचे शिम २०२३ च्या किल्लीने येतील आणि ती किल्ली जुन्या फर्मवेअरमध्ये नसेल तर ते नाकारले जातील. 'मॉकयूटिल' ला '--डीबी' देऊन यादीत २०२३ दिसतं का बघायचं, नसेल तर 'एफडब्ल्यूयूपीडी' या साधनाकडून फर्मवेअरचं अपडेट मिळतं का पाहायचं. अपडेट घेताना चार्जर लावलेला, बॅटरी भरलेली, आणि मशीनवर बिटलॉकरचं विंडोज शेजारी असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहिलेली. मशीन ख आणि ग चं फर्मवेअर निर्मात्याने बऱ्याच काळात बदललेलं नाही. त्यांच्यावर किल्ली हाताने भरायची की सिक्युअर बूट बंद करायचं, हे प्रत्येक मालकाशी बोलून जानेवारीत ठरेल.